वरचा डावा कोपरा

पापणीचा केस. एकच, बारीक, टोकाशी किंचित वळलेला — सूक्ष्मदर्शकात जिथे डोळा लावायचा त्या भिंगाच्या कडेला चिकटलेला, आणि तो दिसताच शकूने हात मागे घेतला, श्वाससुद्धा हळू सोडला, कारण तो उडून गेला असता तर मग पुरावा कुठला राहिला असता... हाच असेल. हाच असू दे. डाव्या बाजूला आहे, जरा वरही आहे. मंगळवारपासून ठपका ठेवायला मी ज्याला शोधते आहे तो हाच, चंदूच्याच पापणीचा, घरातलाच चोर.

रविवारची सकाळ होती. चंदू मासळी आणायला मुलुंडला गेला होता, सासूबाई आत नारळ खवत होत्या, आणि सगळी बिल्डिंग टीव्हीपुढे बसलेली असल्यामुळे रेल्वेरुळांलगतच्या नाहूरसारख्या ठिकाणीही खिडकीतून फक्त एकाच मालिकेचा आवाज सगळ्या मजल्यांवरून एकदम येत होता. खिडकीपाशी टेबल, टेबलावर हा एकनळीचा जुना सूक्ष्मदर्शक. लग्नात घरच्यांनी कपाट घ्या म्हटलं होतं. चंदूने एका निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांकडून हा घेतला, आणि कपाट अजून आलेलं नाही. शकूने याबद्दल त्याला अनेकदा टोमणे मारले होते, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं होतं की बरं झालं, कपाटाशी बोलत बसलेला नवरा कसा दिसला असता कोण जाणे. दगडांशी तो बोलतो. माझ्यासमोर बोलतो, लाजत नाही.

पार्ल्याच्या कॉलेजात तो भूगर्भशास्त्र शिकवायचा आणि ती गणित. त्याचा प्रश्न एका ओळीत मावणारा होता — मुलुंडच्या डोंगरातल्या दोन खाणी, एक वर, एक खाली, दोन्हींत काळाच पाषाण. मग हा एकाच वेळी वाहून आलेला लाव्हा आहे की एक थिजल्यावर पुष्कळ वर्षांनी दुसरा आला? सगळे म्हणत, एकच. चंदू म्हणायचा, दोन. सिद्ध करायचं तर दगडाची चकती कापायची, ती काचेला चिकटवून घासत घासत इतकी पातळ करायची की दगडातून उजेड जाईल, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले पांढरे स्फटिक मोजायचे. खालच्या दगडात ते किती, वरच्यात किती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आगीचा हिशेब हा असा, दर रविवारी जेवणानंतर, बडीशेप चघळत.

मोजायची त्याची एक रीत होती, त्याच्या गुरूंनी घालून दिलेली. भिंगात बुद्धिबळाच्या पटासारखी आठ बाय आठ चौकोनांची जाळी कोरलेली, मध्ये फुली. उजवा डोळा लावायचा, डावा मिटायचा, नजर त्या फुलीवर रोवायची आणि — हलवायची नाही. नजर भटकली की एकच स्फटिक दोनदा मोजला जातो. सगळा पट एका नजरेत घ्यायचा आणि चौकोन पुकारायचे: "दुसरी ओळ — तीन, सात. तिसरी ओळ — एक." शेजारी बसून शकूने आलेखाच्या कागदावर ते चौकोन काळे करायचे. नवशिक्याला हे जमत नाही. चंदू मात्र भाजीवाल्याने भाव पुकारावेत तसे भराभर पुकारायचा. आपल्या डोळ्याचा त्याला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर मलाही होता. आमच्या घरात मिरवण्यासारखं दुसरं होतं तरी काय.

आणि मग मी ते यंत्र आणलं... घरात नव्हे, बोलण्यात. दोन वर्षांपूर्वी शकू पवईच्या संस्थेत जाऊ लागली, चित्रांचे आकडे करायला शिकण्यासाठी. छायाचित्र यंत्रात घालायचं. यंत्र त्याचे बारीक बारीक ठिपके करतं आणि प्रत्येक ठिपक्याला आकडा देतं, शून्य म्हणजे काळाकुट्ट, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढराशुभ्र. एकदा का चित्राचे आकडे झाले की ते गणिताच्या राज्यात आलं, तिथे तिला कुणी हटकू शकत नव्हतं. चंदूने मोजून झालं की काच तसूभरही न हलवता वरचं भिंग काढून तिथे कॅमेरा बसवायचा आणि त्याच जागेचा फोटो घ्यायचा. तो पवईला न्यायचा. तिचा प्रोग्रॅम त्याच चौकोनांत पांढरं शोधायचा. डोळा एकीकडे, यंत्र दुसरीकडे. कुणाच्या चुका कमी, यावर चंदूने लगेच पैज लावली. हरेल त्याने महिनाभर पहाटे उठून नळाचं पाणी भरायचं.

"तुझं यंत्र आंधळं आहे गं," तो म्हणायचा. "त्याला उजेड कळतो, स्फटिक कळत नाही."

तेव्हा ती हसायची. आता 'आंधळं' हा शब्द ती मनातसुद्धा उच्चारत नाही.

मंगळवारी तिने दोघांमधला फरक काढला होता. दिवाळीपासूनच्या सगळ्या काचा घेतल्या. जिथे यंत्राला स्फटिक दिसला आणि चंदूला नाही, तिथे एक. सगळ्यांची बेरीज, चौकोनागणिक. फरक असायचाच, डोळा चुकतो, यंत्रही चुकतं, पण चुका कशा पटभर विखुरलेल्या असाव्यात, सांडलेल्या तांदळासारख्या. प्रिंटर खडखडत कागद बाहेर टाकत होता. बाजूला उभा असलेला नंदकिशोर — तिथला यंत्रचालक, गणिताशी काही देणंघेणं नसलेला — सहज म्हणाला, "मॅडम, या कोपऱ्यातच सगळी गर्दी झाली की." वरचा डावा कोपरा. बाकी पटावर कुठे शून्य, कुठे एक, आणि त्या कोपऱ्यात मोठमोठे आकडे, एकमेकांना खेटून.

पहिल्यांदा तिला वाटलं, कॅमेरा. कडेला उजेड कमी-जास्त पडतो, हे नेहमीचं. पण घरी येऊन कॅमेरा उलटा बसवून पुन्हा फोटो काढले, तरी कोपरा जागचा हलला नाही. मग दगड. गुरुवारी काहीतरी थाप मारून तिने चंदूकडून एक काच दोनदा मोजून घेतली, दुसऱ्यांदा अर्धा फेरा फिरवून. पहिल्या वेळी त्याने सोडलेले स्फटिक दुसऱ्या वेळी त्याला व्यवस्थित दिसले, खाली उजवीकडे. आणि तिथले, जे त्याने आधी बिनचूक पुकारले होते, ते वर डावीकडे जाताच नाहीसे झाले. गणितात याला सुंदर म्हणतात. एकेक शक्यता वजा होत जाते, बाकी उरते ती खरी. उरले होते दोघेच — हे भिंग, आणि चंदू.

म्हणून हा केस. तिने चिमट्याने तो उचलला, कागदावर ठेवला. भिंग स्पिरिटने पुसलं, उजेडात धरलं, पुन्हा पुसलं. केस भिंगावर होता, कॅमेरा लावताना भिंग निघतं, म्हणजे कॅमेऱ्याला तो दिसणार नाही आणि डोळ्याला आड येईल — सगळं जुळतंय की. अगदी जुळतंय... आणि चंदू दर शनिवारी भिंग स्पिरिटने पुसतो, कालही पुसलं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दिवाळीपासून एकच केस एकाच जागी कसा बसेल? बसू दे ना. एखादा केस असतो चिवट.

"शकू, गे," आतून जानकीबाईंची हाक आली. "त्या दगडांक पण जेवक वाढू काय आज? ताटां घे."

सासूबाई अशाच. पहिलं वर्षभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या. चंदूने घाटकोपरच्या वसाहतीतली, बौद्धांची मुलगी आणली म्हणून गावाकडून आलेल्या पत्रांना उत्तरं देता देता थकून गेल्या होत्या. मग एक दिवस सोलकढी कशी करायची ते शिकवायला लागल्या आणि त्यानंतर थांबल्याच नाहीत. ताटं घेताना शकूची नजर भिंतीकडे गेली. मामंजी. दशरथमामा, गिरणीत तीस वर्षं साच्यावर कापड विणलेले, फोटोत काळा चष्मा. तिने त्यांना पाहिलं ते असंच, सासूबाईंच्या कोपराला धरून चालताना. ती गोष्ट या घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की तिची धार गेली होती: त्यांना कमी दिसू लागलं तेव्हा आधी सगळ्यांनी बल्ब बदलले. मग कुणीतरी सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकू दे, पिकला की काढू. म्हणून सगळे वाट बघत बसले, पिकायची. तो मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता, आणि काचबिंदू पिकत नसतो, तो नुसता खात जातो, कडेकडेने, गुपचूप. "पिकलो काय काढूया म्हणत होते," सासूबाई सांगायच्या, "आणि सगळो उजेड गेलो."

बापाकडून मुलाकडे येतो तो. हे शकूला शुक्रवारी मुलुंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जेव्हा ती कॉलेजातून थेट त्यांच्याकडे गेली आणि ओळखीतल्या एकाचं म्हणून सगळं विचारलं. डॉक्टर चांगले होते, घाई केली नाही. म्हणाले, एका डोळ्यात सुरू झालं तर माणसाला पत्ताच लागत नाही, दुसरा डोळा भरून काढतो. लोक वर्षानुवर्षं गाड्या चालवतात, वाचतात, काही कळत नाही. तुमच्या ओळखीतल्यांना कसं कळलं? ती काय सांगणार, की कळलेलं नाही, त्यांच्या बायकोने वजाबाकी केली? डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी राखता येतं. पण लवकर घेऊन या.

लवकर. शुक्रवार गेला, शनिवार गेला. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मीठ आहे का विचारलं. कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं — तुझ्या डोळ्याचा एक कोपरा गेला आहे, मी आकड्यांत पाहिली? ज्या डोळ्याने तू मला... कॉलेजच्या सहलीला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलखाली सगळे वर बघत होते, दगडाच्या उभ्या खांबांकडे, आणि हा मला म्हणाला होता, "मॅडम, तुमच्या गणितात षटकोन कागदावर असतो ना? हा बघा, दगडाने स्वतः काढलाय." मला मागणी घालायला घाटकोपरला आला तेव्हाही हातात पेढे नव्हते, दगड होता. माझे वडील कुंडलिकराव, रेल्वेत फिटर, त्यांनी तो दगड उलटापालटा करून बघितला आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवून दिला. अजून आहे तिथे. आई त्याच्यावरची धूळ पुसते.

चंदू आला तो बांगडे घेऊन, शर्टाला घाम, तोंडभर बडबड. "आज झकास मिळाले. तो म्हातारा म्हणतो, साहेब, डोळे बघा बांगड्याचे, कसे चमकतायत. म्हटलं, बाबा, डोळ्यांची पारख मला शिकवू नकोस." पिशवी ओट्यावर ठेवून त्याने टेबलाकडे बघितलं. "काय गं, भिंग का काढलंस?"

"पुसलं. केस होता एक."

"असेल माझाच. म्हातारा झालो." त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. "लागला का निकाल? पवईचा धृतराष्ट्र काय म्हणतो?"

"दोन प्रवाह आहेत म्हणतो," शकू म्हणाली. हे खरं होतं. कोपरा वगळून, कोपरा धरून, सगळ्या बाजूंनी तिने तपासलं होतं. खालच्या दगडात स्फटिक वरच्यापेक्षा दाट, फरक ठाम. "तू बरोबर होतास."

त्याने हात शर्टाला पुसले. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आईला म्हणाला, "आये, दोन आसत." जानकीबाई म्हणाल्या, "बरां झालां, चार बांगडे भाजूचे की तळूचे?" आणि तो इतका हसला की शकूलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते तिने तिखटाच्या वासावर ढकललं. किती आवडतो हा माणूस मला. इतक्या वर्षांनी असं अचानक, ओट्यापाशी, हातात ताट असताना वाटावं हे जरा अतीच होतं. आता या क्षणी सांगितलं तर हा आनंद नासेल. नाही सांगितलं तर... पिकू दे म्हणणारी या घरातली मी दुसरी.

जेवणं झाली. सासूबाई आत आडव्या झाल्या. चंदू स्टुलावर बसला, उजवा डोळा लावला. शकूने काच निवडून ठेवली होती. तिचा फोटो यंत्राने आधीच वाचला होता, वर डावीकडे एक भलामोठा स्फटिक, पहिल्या ओळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या चौकोनात, खाली दुसऱ्या ओळीतही पसरलेला, न दिसायला काही कारणच नाही असा. भिंग स्वच्छ होतं. आता दिसला तर तो केसच. मी सोमवारी स्वतः नारळ ठेवीन, कुठे ते नंतर बघू.

"पहिली ओळ," चंदू म्हणाला. "पाच, आठ."

तिने पाच आणि आठ काळे केले.

"दुसरी ओळ — चार, सहा, सात."

"पहिल्या ओळीत अजून काही?"

"अजून काय? पाच आणि आठ."

पेन्सिल त्या कोऱ्या चौकोनांवर येऊन थांबली. दोन, तीन. काळे करून टाकू? कुणाला कळणार आहे... मागचे सगळे कागदही असेच भरून टाकता येतील, डोळ्याची एकही चूक उरणार नाही, शोधनिबंध छापायला जाईल, पैज तोच जिंकेल, मी पहाटे पाणी भरीन, आणि त्याला कधीही कळणार नाही, म्हणजे अगदी शेवटपर्यंत, म्हणजे... बल्ब बदलेपर्यंत. तिला स्वतःची पेन्सिल किती सहजपणे तिथे गेली याचीच भीती वाटली.

"चंदू, डावा डोळा लाव ना."

"डावा?" तो नळीवरून डोळा न काढता हसला. "त्याला काय येतंय? वीस वर्षं मिटून बसलाय बिचारा."

"लाव ना रे. माझ्यासाठी."

तो कुरकुरत वळला. नाक आड आलं, मान वाकडी करावी लागली, स्टूल सरकवावं लागलं. मग तो स्थिर झाला. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

"अगं, हा केवढा..." तो थांबला. "हा मघाशी नव्हता. काच हलवलीस?"

"नाही."

त्याने उजवा डोळा लावला. मग डावा. पुन्हा उजवा, आणि आता तो तिच्याशी बोलत नव्हता, मुलांना शिकवतो तसं करत होता — एकदा दिसलं त्यावर विश्वास ठेवू नका, पुन्हा बघा. काच त्याने स्वतःच अर्धा फेरा फिरवली आणि उजव्या डोळ्याने बघितलं. परत फिरवली. शकू त्याच्या मानेकडे बघत राहिली, तिथे केस कापणाऱ्याने ठेवलेली एक वाकडी रेघ होती, आणि ती रेघ हलायची थांबली तेव्हा तिला कळलं की त्याचं बघून झालं आहे. त्याने गुडघ्यांवर हात ठेवले.

"यंत्राला दिसला होता हा?"

"हो."

"प्रत्येक काचेत असं?"

"दिवाळीनंतरच्या. आधीच्या मी अजून काढल्या नाहीत."

त्याने एकदा आतल्या खोलीकडे बघितलं, जिथे जानकीबाई झोपल्या होत्या. "आयेक आताच काय सांगू नको," तो हळू म्हणाला, आणि तिच्याशी तो कधीच मालवणी बोलत नसे. ती म्हणाली, उद्या संध्याकाळी मुलुंडला डॉक्टरांकडे, मी विचारून ठेवलंय. त्याने टेबलावरचं चष्म्याचं कव्हर उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "म्हणजे पाणी मी भरायचं."

"तू बरोबर होतास पण. दोन प्रवाह—"

"ते राहू दे. पैज ती पैज." मग त्याने नाक बाजूला करून डावा डोळा नळीला लावला. "लिही. कागद नवा घे."

तिने नवा कागद घेतला. तो पुकारू लागला आणि ते पुकारणं त्याचं नव्हतंच. डावा डोळा फुलीवर ठरत नव्हता, भटकत होता, एका चौकोनावर अडखळून मागे येत होता, पहिल्या वर्षाच्या पोरासारखा. "पहिली ओळ... दोन. थांब. दोन, तीन." तिने दोन काळा केला, तीन काळा केला. सबंध आठवडा या कोपऱ्याशी ती एकटी भांडत होती, आणि आता तो कोपरा त्यानेच, इतका हळू, तिच्या हाती दिला होता. भीती होती तिथेच होती. फक्त ती आता तिच्याकडे पाठ करून बसली नव्हती, दोघांच्या मध्ये टेबलावर येऊन बसली होती, आणि तिथे ती जरा लहान दिसत होती, की जवळून बघितल्यामुळे मोठी, हे तिला ठरवता येईना.

"फार वेळ लागतोय गं," तो म्हणाला.

"लागू दे," शकू म्हणाली. "घाई काय आहे?" आणि म्हटल्यावर तिला आठवलं की घाई आहे, खूप आहे, कालच्यापेक्षाही जास्त आहे. तिने पेन्सिल दुसऱ्या ओळीवर धरली आणि त्याच्या आवाजाची वाट बघत राहिली.